घरात राजकारण बोलणे बंद करावे का?

इंदूरच्या लोकमान्य नगरातील एका आईचे पत्र थोडक्यात देते.

“मी 54 वर्षांची, जन्माने इंदूरचीच. मुलगा 27 वर्षांचा असून भंवरकुआच्या क्लासमध्ये राज्यसेवेची तयारी करतो. दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत पोहोचला, पण पुढे नाव लागले नाही. मुलगी 24 वर्षांची, सुपर कॉरिडॉरवरील एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करते. लहानपणी एकमेकांवाचून क्षणभर न राहणारी ही भावंडे आता एकत्र जेवायलाही बसत नाहीत. सरकारी नोकरीतील महिला आरक्षण, लाडली बहना योजनेत बायकांना दरमहा मिळणारे पैसे, 2024 मध्ये तिने दाबलेले ‘नोटा’चे बटण, कोणताही विषय निघाला की मुलगा म्हणतो, सगळी सरकारे मुलींसाठीच चालतात, आणि मुलगी म्हणते, दादाला घरातले काहीच दिसत नाही. शेवटी ह्यांनी घरात राजकारण बोलायचे नाही, असा नियम केला. आता भांडण नाही, पण बोलणेही नाही. त्यातच देवासचे एक चांगले स्थळ मुलीने नाकारले. मुलाचे राजकीय विचार पटले नाहीत, हे तिचे कारण. दोघांपैकी कोणाचे बरोबर आहे? नियम ठेवावा का? आणि लग्न ठरवताना कोणी राजकारण विचारते का?”

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या तीन प्रश्नांपैकी मधल्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तो नियम काढून टाकावा. यजमानांनी तो शांततेसाठी केला, हे मला समजते. रोज रात्री भरल्या ताटावरून कोणीतरी उठून जाणे कोणत्याही बापाला सहन होत नाही. परंतु असा नियम दोघांवर सारखा लागू होत नाही. मुलाचे राजकारण पक्ष, नेते, निवडणुका या नावांनी ओळखले जाते आणि ते बोलायला त्याला क्लासबाहेरची चहाची टपरी आहे, मित्र आहेत. मुलीचे राजकारण बरेचसे घरातच आहे: उशीर झाला तर कंपनीतून परतताना तिने काय करावे, घरी आल्यावर पोळ्या कोणी कराव्यात, तिच्या पगाराचे काय करायचे हे कोणी ठरवावे. हे विषय तिने काढले की तेही राजकारणात मोडतात आणि नियमाखाली येतात. तोंडे दोघांची बंद केली, पण अधिक गप्प बसावे लागले ते तिला. शिवाय न बोलण्याने मते बदलत नाहीत. दोघेही आपापल्या खोलीत जाऊन मोबाइलवर आपल्याला पटणारेच ऐकत राहतात, आणि तिथे त्यांना खोडून काढणारे कोणी नसते. वाद होत होता तोवर निदान दुसऱ्या बाजूचे म्हणणे आपल्या माणसाच्या तोंडून कानावर पडत होते.

तुमच्याच घरात काही विपरीत घडले आहे, असेही समजू नका. तरुण आणि तरुणी यांच्या राजकीय मतांत अंतर पडल्याची चर्चा गेली काही वर्षे अनेक देशांत चालू आहे. दक्षिण कोरियात 2022 च्या अध्यक्षीय निवडणुकीत, मतदानोत्तर चाचणीनुसार, विशीतल्या सुमारे 59 टक्के तरुणांनी यून सुक-योल यांना मत दिले, तर त्याच वयाच्या 58 टक्के तरुणींनी त्यांचे प्रतिस्पर्धी ली जे-म्यंग यांना. तिथे सुमारे दीड वर्षाची लष्करी सेवा फक्त मुलग्यांना सक्तीची आहे, त्यामुळे आपली उमेदीची वर्षे वाया जातात आणि मुली पुढे निघून जातात, असे तरुणांना वाटते; आणि त्याच देशात स्त्री-पुरुषांच्या वेतनातील तफावत विकसित देशांत सर्वाधिक, तेव्हा जवळजवळ 31 टक्के होती, हे तरुणींना दिसत होते. एकाच पिढीतील दोघांच्या हाती दोन खऱ्या तक्रारी होत्या आणि उमेदवारांना त्यांतली एकेक उचलून धरणे सोपे गेले.

आपल्याकडे कोणत्या पक्षाला मत द्यावे यावरून स्त्री-पुरुषांत एवढी मोठी दरी राष्ट्रीय पातळीवर दिसलेली नाही. जात, भाषा, प्रदेश आणि घरची परिस्थिती यांचा जोर अजून अधिक आहे. आपल्याकडे बदलले ते वेगळेच. 1962 च्या लोकसभा निवडणुकीत पुरुषांचे मतदान 63 टक्क्यांच्या वर होते आणि स्त्रियांचे 47 टक्क्यांच्याही खाली. 2019 मध्ये स्त्रिया पहिल्यांदा किंचित पुढे गेल्या आणि 2024 मध्ये स्त्रियांचे मतदान 65.78 टक्के, पुरुषांचे 65.55 टक्के झाले. घरातील कर्ता पुरुष सांगेल तिथे सगळी मते जातील, हा हिशेब धरून चालणाऱ्या पक्षांना आता बाईकडे थेट यावे लागते. आपल्या मध्य प्रदेशात 2023 च्या जूनमध्ये लाडली बहनाचा 1,000 रुपयांचा पहिला हप्ता जमा झाला, निवडणुकीच्या तोंडावर तो 1,250 झाला, आणि प्रचाराच्या प्रत्येक सभेत बहिणींचे नाव आले. या सगळ्या काळात तुमचा मुलगा एका निकालाची वाट पाहत अभ्यासिकेत बसला होता. आपल्याला कोणी हाक मारत नाही, असे त्याला वाटले असेल, तर ते वाटणे मी चूक म्हणणार नाही.

चूक आहे ती त्याने त्या दुखण्याचे कारण जिथे शोधले ती जागा. याबद्दल थोडे विस्ताराने लिहिते, कारण तुमच्या घरातील कडवटपणाचे मूळ मला इथेच दिसते.

मध्य प्रदेशाच्या सरकारी भरतीत महिलांचे आरक्षण 33 वरून 35 टक्के करण्यास मंत्रिमंडळाने नोव्हेंबर 2024 मध्ये मंजुरी दिली. शंभरातल्या 35 जागा आधीच कापून बाजूला काढल्या जातात आणि उरलेल्या 65 जागांवर मुलग्यांनी झगडायचे, असे तयारी करणारी बरीच मुले समजतात. हे आरक्षण तसे चालत नाही. ते समांतर आरक्षण आहे, म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या आत लागू होते, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2007 च्या एका निकालात त्याची रीत स्पष्ट केली आहे. आधी त्या प्रवर्गाची गुणवत्ता यादी लावायची. शंभर जागांच्या यादीत 35 किंवा अधिक स्त्रिया स्वतःच्या गुणांवर आल्या असतील, तर आरक्षणामुळे काहीही बदलत नाही. 28 आल्या असतील, तर यादीच्या तळाच्या सात पुरुषांच्या जागी त्याच प्रवर्गातील पुढच्या सात स्त्रिया येतात. त्या सात जणांचे नुकसान खरे आहे आणि ते कोणी नाकारू नये. काठावर राहिलेल्या मुलाला आकडे दाखवून समजूत पटत नसते. पण प्रत्येक नापास झालेल्या मुलाची जागा एखाद्या मुलीने नेली, हा हिशेब मात्र मांडता येत नाही.

आता त्याची वर्षे खरोखर कशात गेली ते पाहावे. 2019 च्या राज्यसेवा परीक्षेचा अंतिम निकाल 2023 च्या डिसेंबरात लागला. इतर मागासवर्गाचे आरक्षण 14 वरून 27 टक्के करण्याचा निर्णय न्यायालयात अडकल्यामुळे 2022 पासून 87 टक्के जागांचा निकाल लावायचा आणि 13 टक्के जागांचा राखून ठेवायचा, असे सूत्र आले, आणि त्या राखून ठेवलेल्या यादीत मुलगे अडकले तशा मुलीही अडकल्या. डिसेंबर 2024 मध्ये रेसिडेन्सी भागातील लोकसेवा आयोगाच्या कार्यालयाबाहेर विद्यार्थी थंडीत रात्रंदिवस बसले होते, तेव्हा त्यांत मुलीही होत्या. तुमचा मुलगा तिथे गेला असेल तर त्याने हे डोळ्यांनी पाहिले असणार. परीक्षा वेळेवर व्हावी, निकाल वेळेवर लागावा, जागा पुरेशा निघाव्यात, या त्याच्या मागण्यांत त्याची बहीण त्याच्या विरोधात कुठेच नाही. चार वर्षे लांबलेल्या प्रक्रियेचा राग त्याने घरात पगार आणणाऱ्या बहिणीवर काढावा, यात त्याचेही नुकसान आहे, कारण ज्यांनी उत्तर द्यायला हवे ते मोकळे राहतात.

लाडली बहनाबद्दलही त्याला एक साधी गोष्ट सांगावी. ती योजना विवाहित, विधवा, घटस्फोटित आणि परित्यक्ता स्त्रियांसाठी आहे. तुमच्या अविवाहित, कमावत्या मुलीला त्यातला एक रुपयाही मिळत नाही. याउलट त्याच 2023 साली सरकारने 18 ते 29 वयाच्या तरुण-तरुणींसाठी ‘सीखो कमाओ’ योजना आणली होती, त्यात शिकाऊ उमेदवाराला महिना 8,000 ते 10,000 रुपयांचे विद्यावेतन ठरले होते. अशा योजना पुरेशा आहेत का, त्यांनी नोकऱ्या निर्माण होतात का, पैसे थेट वाटावेत की शाळा-दवाखान्यांवर खर्च करावेत, यावर त्याने जरूर वाद घालावा. तो चांगला वाद आहे आणि त्यात तुमची मुलगी कदाचित त्याच्या बाजूनेही बोलेल.

तिच्या बाजूकडे येते. तुम्ही लिहिता की ती म्हणते, दादाला घरातले काही दिसत नाही. पत्रात तिचे हे वाक्य तुम्ही एका ओळीत उरकले आहे आणि आरक्षणाच्या भांडणाला मात्र सविस्तर जागा दिली आहे. मला वाटते, तिची सगळी बाजू याच एका ओळीत आहे. केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा दिवसातील सरासरी 289 मिनिटांचा वेळ विनामोबदला घरकामात जातो. पुरुषांचा 88 मिनिटे, आणि तोही जे घरकाम करतात त्या पुरुषांचा. दिवसभरात घरकामाला हात लावणारे पुरुषच चारात साधारण एक. तुमच्या घरी रात्री आठ वाजता कंपनीच्या बसमधून उतरलेली मुलगी आणि संध्याकाळी अभ्यासिकेतून आलेला मुलगा, या दोघांपैकी स्वयंपाकघरात कोण जाते, हे मला माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे. ज्या मुलीला समानतेवरचे भावाचे व्याख्यान त्याचेच ताट घासताना ऐकावे लागते, तिचा आवाज चढणारच.

तिच्यातही एक उणीव मला दिसते आणि ती तिला प्रेमाने सांगायला हवी. भावाच्या अपयशाकडे ती केवळ त्याच्या मतांमधून पाहते आहे. 27 वर्षांचा बेकार मुलगा आणि 27 वर्षांची बेकार मुलगी यांना आपला समाज वेगळ्या नजरेने पाहतो. मुलाला प्रत्येक मुंजीत आणि मंगळागौरीच्या जेवणात ‘सध्या काय करतोस’ हा प्रश्न झेलावा लागतो आणि स्थळ त्याच्याकडे येतच नाही. तिच्या नोकरीचे कौतुक ज्या श्वासात होते, त्याच श्वासात त्याची कीव केली जाते. हे तिने केलेले नाही. तरीही तिने ते ओळखले, तर तिच्या बोलण्याची धार नको तिथे लागणार नाही.

‘नोटा’बद्दल दोघांनीही एकमेकांना जे सुनावले असेल ते सोडून द्यावे. एप्रिल 2024 च्या अखेरीस इंदुरात प्रमुख विरोधी उमेदवाराने ऐनवेळी माघार घेतली आणि मे महिन्यातील मतदानात 2,18,674 लोकांनी ‘नोटा’ निवडले. विजयी उमेदवाराचे मताधिक्य तरीही पावणेबारा लाखांचे होते. त्या बटणाने लोकसभेचा निकाल बदलत नाही, हे मुलाचे म्हणणे कायद्याला धरून आहे. निवडायलाच कोणी ठेवले नाही तर तेवढे तरी नोंदवायचे, हे मुलीचे म्हणणे नागरिकाला शोभणारे आहे. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते आणि यावरून बहीण-भावाने अबोला धरावा असे त्यात काही नाही.

ताई, आता तुमच्याबद्दल लिहिते. तुमचे पत्र मी पुन्हा पुन्हा वाचले. मुलाचे मत त्यात आहे, मुलीचे आहे, यजमानांचा नियम आहे. तुमचे स्वतःचे मत कुठेच नाही. महिला आरक्षणाविषयी तुम्हाला काय वाटते, 2024 मध्ये तुम्ही कोणते बटण दाबले, यातले एक अक्षर तुम्ही लिहिलेले नाही. वयाचा हिशेब केला तर तुमचे पहिले मत 1989 च्या निवडणुकीत पडले असावे. मतदानाचे वय 21 वरून 18 केल्यानंतरची ती पहिली लोकसभा निवडणूक, आणि त्याच वर्षी इंदूरने सुमित्राताई महाजनांना पहिल्यांदा दिल्लीला पाठवले, पुढे 2014 पर्यंत सलग आठ वेळा. तुम्ही त्यांना मत दिले की नाही, हे मी विचारत नाही. पण आपल्यासारखे नऊवारी-सहावारी नेसणारी, आपल्यासारखी मराठी बोलणारी बाई निवडून येताना पाहून 18 वर्षांच्या मुलीला काय वाटले, हे तुमच्या मुलीने तुमच्या तोंडून कधी ऐकले आहे का? आणि एवढ्या वर्षांत निवडणुकीच्या सकाळी यजमानांनी सांगितले म्हणून मत दिले, असे कधी झाले असेल, तर तेही तिने आणि तिच्या दादानेही ऐकावे.

हे मी एवढ्या आग्रहाने लिहिते याला एक कारण आहे. 1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी देशातील सुमारे 28 लाख स्त्रियांची नावे मतदार यादीतून गाळावी लागली, कारण त्यांनी स्वतःचे नाव सांगितलेच नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई एवढीच ओळख दिली. अशा स्त्रिया ज्या मोजक्या प्रांतांत सर्वाधिक होत्या, त्यांत इंदूर ज्या राज्यात होते तो मध्य भारतही होता. आपल्या आजी आणि पणजी त्या यादीच्या काळातल्या. घरातील वादात आईने फक्त मध्यस्थ राहायचे, स्वतःचे काही म्हणायचे नाही, ही सवय तिथून आपल्यापर्यंत आली आहे असे मला वाटते, आणि तुमची मुलगी ज्या गोष्टीशी भांडते आहे त्यातली ही एक आहे.

म्हणून कोणाचे बरोबर, या पहिल्या प्रश्नाचा निवाडा मी करणार नाही आणि तुम्हीही न्यायाधीशाच्या खुर्चीत बसू नका. मतदार म्हणून जेवायला बसा. एखाद्या रविवारी, सगळे घरी असताना, यजमानांना आधी विश्वासात घेऊन, तुमचे स्वतःचे एखादे मत कारणासह सांगा. ते मुलाला आवडणार नाही किंवा मुलीला आवडणार नाही. कदाचित यजमानांनाच नवे वाटेल. त्यानंतर दोघांकडून एवढेच मागा की ‘मुली अशाच असतात’ आणि ‘मुलगे असेच असतात’ ही वाक्ये घरात वापरायची नाहीत. ज्याला जे म्हणायचे आहे ते त्याने स्वतःच्या वाट्याला आलेल्या गोष्टीवरून म्हणावे. मुलाने मुख्य परीक्षेच्या निकालाच्या दिवसाबद्दल बोलावे. मुलीने रात्रीच्या परतीबद्दल बोलावे. दोघांनाही एकमेकांचे हे दिवस नीट माहीत नसावेत, असा माझा अंदाज आहे. आणि बोलून झाल्यावर ताटे कोणी उचलायची, याची पाळी त्याच बैठकीत ठरवा, यजमानांना धरून. ती पाळी पाळली गेली तर मुलीला पुढचे बरेच काही बोलण्याची गरजच उरणार नाही.

एक मर्यादा मात्र ठाम ठेवा. मत वेगळे असणे चालेल, अपमान चालणार नाही. बहिणीच्या चारित्र्यावर, कपड्यांवर किंवा पगारावर घसरणारे बोलणे आणि भावाच्या बेकारीला हिणवणारे बोलणे, दोन्ही तिथल्या तिथे थांबवा. हे थांबवण्याचे काम एकट्या आईवर टाकू नये, वडिलांनीही ते करावे.

राहिले देवासचे स्थळ. लग्न ठरवताना राजकारण विचारावे का, असे तुम्ही विचारता. पूर्वीही विचारले जात होते, फक्त वडीलमंडळी परस्पर विचारत आणि त्याला घराणे पाहणे म्हणत. तुमच्या मुलीने ते स्वतः विचारले, इतकाच फरक आहे. मुलाने कोणत्या पक्षाला मत दिले एवढ्यावरून तिने नकार दिला असेल, तर मी तिला सांगेन की पुढच्या वेळी याहून नेमके प्रश्न विचार: लग्नानंतर नोकरीसाठी शहर बदलायचे झाले तर कोणाची नोकरी आधी, तुझ्या आईवडिलांइतकीच माझ्या आईवडिलांच्या म्हातारपणाची जबाबदारी घेशील का, माझ्या पगाराचा हिशेब कोणाकडे राहील, मूल झाल्यावर सुट्टी कोण घेईल. या प्रश्नांची उत्तरे पक्षाच्या चिन्हावरून ओळखता येत नाहीत. एकाच पक्षाला मत देणारे दोन मुलगे यांची अगदी उलट उत्तरे देऊ शकतात, आणि वेगळ्या पक्षाला मत देणाऱ्या नवऱ्याबरोबर उत्तम संसार करणाऱ्या बायका तुमच्या-माझ्या ओळखीत आहेतच. पण हे प्रश्न विचारून तिने नकार दिला असेल, तर तिला विचारांवरून स्थळ नाकारणारी हेकट मुलगी ठरवू नका, नातेवाइकांना तशी कारणे देऊ नका, आणि मध्यस्थांमार्फत ते स्थळ पुन्हा चालवूही नका.